किलोच्या भावातला जोड: खान्देशातल्या फॅब्रिकेटर आणि कारखानदार मंडळींना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले फॅब्रिकेशन शॉपचे मालक व वेल्डर बंधू,
आणि त्यांना काम देणारी डाळमिल, जिनिंग, पाइप व इतर कारखान्यांची शेठ मंडळी

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरत चालला आहे. उडीद-मुगाची आवक सुरू झाली, जिनिंगमध्ये झाडझूड आणि तेलपाणी सुरू होईल, ट्रॉल्यांना रंग लागेल. एकदा हंगाम लागला की मशीन बंद करून बीमखाली टॉर्च मारायला कोणीच तयार नसतं. म्हणून हे पत्र आताच लिहितो.

विषय वारंवार वाकणाऱ्या लोखंडी बीमच्या वेल्डिंग जोडांचा. तक्रारही सांगून टाकतो: आपण हे जोड किलोवर विकतो आणि किलोवर घेतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्यामुळेच ते लवकर तुटतात. हे वाचून शॉपवाल्यांना राग येईल हे मला माहीत आहे. पत्र शेवटपर्यंत वाचा, मग भांडू.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. डिझाइन करतो, आणि मोडलेलं बघायलाही जातो. बोलावणं आलं की तिथलं चित्र साधारण ठरलेलं असतं. गॅन्ट्रीचा (क्रेनच्या रुळाखालचा) गर्डर, चाळणीखालचा प्लॅटफॉर्म किंवा ट्रॉलीची चेसी. खालच्या फ्लँजला (बीमच्या आडव्या पट्ट्याला) भेग गेलेली. भेगेवर आधीच एक पट्टी मारलेली, आणि नवी भेग त्या पट्टीच्या टोकापासून निघालेली. मालक सांगतात, "साहेब, माल हलका निघाला." वेल्डर सांगतो, "ओव्हरलोड केलं यांनी." दोघांपैकी एखादा कधीमधी बरोबरही असतो. पण तुटलेला भाग हातात घेऊन पाहिला तर बहुतेक वेळा तिसरंच काही दिसतं. तुटीचा काही भाग गुळगुळीत, गंजून तपकिरी झालेला, त्यावर बारीक कमानीसारख्या रेषा. उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत. चकचकीत भाग काल तुटला. तपकिरी भाग तुटायला कित्येक महिने लागले, आणि त्या सगळ्या काळात त्या बीमखालून माणसं ये-जा करत होती.

लोखंड एका झटक्यात कमी पडलं तर वाकतं, झोल खातं, इशारा देतं. रोज थोडं वाकून परत सरळ होणारा जोड तसा इशारा देत नाही. ताण मान्य मर्यादेच्या निम्माच असला तरी लाखो वेळा ये-जा केल्यावर वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते. आधी ती डोळ्यांना दिसतही नाही, मग ती प्रत्येक फेरीला कणाकणाने पुढे सरकते, आणि उरलेलं लोखंड अपुरं पडलं की बीम एकदम जातो. भुसावळ हे आपलं रेल्वेचं गाव, म्हणून सांगतो: लोखंडाच्या थकव्याचा (फटीग) हा रोग जगाला रेल्वेनेच शिकवला. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला. त्यानंतर पुढच्या दशकांत ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने आस फिरवून-फिरवून, वाकवून-वाकवून मोडले आणि किती ताणाला किती फेरे टिकतात याचा हिशेब मांडला. आजही थकव्याचं डिझाइन त्याच हिशेबाच्या वाटेने चालतं.

पण वोलरचे आस घडवलेले होते, आपले बीम वेल्ड केलेले आहेत. इथेच सगळा फरक पडतो. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि आजूबाजूचं लोखंड त्याला आक्रसू देत नाही. त्यामुळे वेल्डच्या पट्ट्यात कायमची ओढ कोंडून राहते. ती लोखंडाच्या झुकण्याच्या मर्यादेला (जिथून पुढे ते मूळ आकारात परत येत नाही) जवळजवळ टेकलेली असू शकते. वेल्डच्या कडेला अंडरकटची खाच असते, बारीक स्लॅग (वेल्डचा मळ) अडकलेला असतो, आकार एकदम बदलतो म्हणून ताण तिथे गोळा होतो. म्हणजे घडवलेल्या आसात भेग जन्मायला जो वेळ लागायचा, तो इथे बराचसा आधीच खर्च झालेला असतो. वेल्डरने होल्डर बाजूला ठेवला तेव्हाच भेगेचं बीज पडलेलं असतं. पुढे उरतं ते फक्त वाढणं.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जॉन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७४ पोलादी बीम वारंवार वाकवून मोडले. त्याचा अहवाल १९७० साली निघाला. साधे बीम, वेल्ड केलेले बीम, खाली पट्टी मारलेले बीम. साधं पोलाद आणि त्याच्या जवळजवळ तिप्पट ताकदीचं पोलाद. निष्कर्ष आपल्या शॉपमधल्या समजुतींच्या नेमका उलटा निघाला. आयुष्य दोनच गोष्टींवर ठरलं: प्रत्येक फेऱ्यात ताण किती खाली-वर होतो, आणि जोड कोणत्या आकाराचा आहे. पोलाद भारी वापरल्याने वेल्डच्या जोडाचं आयुष्य लक्षणीय वाढलं नाही. कारण भेग एकदा सुरू झाली की साध्या पोलादात आणि भारी पोलादात जवळपास सारख्याच वेगाने चालते.

म्हणजे "ई २५० (साधं पोलाद) च्या जागी ई ४१० (भारी पोलाद) टाकलं, आता बघायला नको" हे वाक्य स्थिर ओझ्याच्या खांबाला लागू आहे, रोज शंभर वेळा वाकणाऱ्या जोडाला नाही. उलट भारी पोलाद घेतलं म्हणून सेक्शन हलका केला तर ताणाची चढ-उतार वाढते आणि आयुष्य कमी होतं. हे मी चहाच्या टपरीवरही सांगितलं आहे आणि बोर्डरूममध्येही. टपरीवर लोकांनी जास्त लक्ष देऊन ऐकलं.

या प्रयोगांत सगळ्यांत वाईट ठरला तो आपला सगळ्यांत लाडका जोड: खालच्या फ्लँजवर मारलेली जादा पट्टी, जिचं टोक बीमच्या मधेच कुठेतरी संपतं. अमेरिकी पुलांच्या कोडमध्ये जोडांचे वर्ग आहेत. नुसत्या रोल्ड बीमचा वर्ग वरचा. त्यात ताणाची चढ-उतार १६५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आत ठेवली तर थकव्याची भेग पडत नाही असं धरतात. पट्टीच्या टोकाशी हाच आकडा ३१ वर येतो, आणि जाड पट्टीला किंवा वाईट टोकाला १८ वर. बीम तोच, लोखंड तेच, वर आणखी लोखंड घातलं आणि झेपणारा ताण पाचव्या-नवव्या हिश्शावर आला. कनेटिकट राज्यातल्या यलो मिल पाँड पुलावर हेच घडलं. १९५८ च्या सुमाराचा तो पूल. १९७० साली तपासणीत दिसलं की एका बीमची भेग पट्टीच्या टोकापासून निघून अख्खा खालचा फ्लँज कापून वेबमध्ये (बीमच्या उभ्या पत्र्यात) चढली आहे.

आपल्याकडे पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय कोडच्या २००७ च्या आवृत्तीत तेरावा भाग पूर्ण थकव्यावर आहे. तिथेही जोडांचे वर्ग ११८ पासून २७ पर्यंत उतरत जातात. आकडा म्हणजे ५० लाख फेरे सोसता येतील एवढी ताणाची चढ-उतार. माझा अनुभव असा की तेराव्या भागापर्यंत वाचक पोहोचत नाहीत. ड्रॉइंगवर "डिझाइन ॲज पर आयएस ८००" असा शिक्का असतो, आणि आत एकाही जोडाचा वर्ग लिहिलेला नसतो.

एक हिशेब करून दाखवतो. क्रेन दिवसाला १०० उचल करते, वर्षाला ३०० दिवस चालते. म्हणजे गर्डरला वर्षाला निदान ३०,००० फेरे. पट्टीच्या टोकाशी ताणाची चढ-उतार १०० धरा. स्थिर हिशेबात साध्या पोलादाला ही अगदी सज्जन किंमत आहे, कोणीही पास करेल. आपले जोड कोणी तपासलेले नसतात म्हणून मी सर्वांत खालचा, २७ चा वर्ग धरतो. थकव्याच्या हिशेबात ताणाचा घन येतो: ५० लाख गुणिले (२७ भागिले १००) चा घन. उत्तर येतं सुमारे ९८,०००. म्हणजे सव्वातीन वर्षं. हा तळाचा अंदाज आहे, बरेच जोड याहून जास्त टिकतात. पण कोणता टिकेल आणि कोणता नाही हे बाहेरून सांगता येत नाही, म्हणून डिझाइन तळाच्या आकड्यावरच करायचं असतं. आता चढ-उतार निम्मी, ५० करा. आयुष्य दुप्पट होत नाही, आठपट होतं: सुमारे ७ लाख ८७ हजार फेरे, २६ वर्षं. ताण निम्मा केला की आयुष्य आठपट, आणि ताण दुप्पट केला की आयुष्य आठव्या हिश्शावर. "पाच टनांच्या क्रेनने एखाद-दोन वेळा सात टन उचललं तर काय बिघडतं" असं म्हणणाऱ्या सुपरवायझरने हा घन एकदा कागदावर मांडून बघावा. एखाद-दोन वेळचं जमूनही जाईल. रोजचं झालं तर मात्र ४० टक्के जादा ताणाने आयुष्य निम्म्याहून खूप खाली, जवळजवळ एक तृतीयांशावर येतं.

क्रेनचं तरी बरं. जळगावच्या डाळमिलवाल्यांसाठी याहून वाईट बातमी आहे. तुमच्या चाळण्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभ्या असतात. चाळणीचे मिनिटाला ४०० झोके धरले आणि दोन पाळ्यांत १६ तास, तर दिवसाला ३ लाख ८४ हजार फेरे होतात. क्रेनचा गर्डर दीडशेहून जास्त वर्षांत जेवढा वाकेल तेवढा तुमचा बीम १३ दिवसांत वाकतो. इथे "किती वर्षं टिकेल" हा प्रश्नच विचारायचा नसतो. ताणाची चढ-उतार इतकी कमी ठेवायची की भेग पडूच नये, नाहीतर पहिल्या हंगामातच पडेल. शिवाय या प्लॅटफॉर्मला स्वतःचा एक डोल असतो. बीमचा नैसर्गिक डोल आणि चाळणीचा वेग जवळ आले की हलणं कित्येक पटींनी वाढतं. अशा वेळी पाच किलो लोखंड इकडे-तिकडे वाढवल्याने डोल चाळणीच्या वेगाजवळ सरकूही शकतो. प्लॅटफॉर्म हलतोय म्हणून दोन ब्रेसिंग ठोकली आणि तो जास्तच थरथरू लागला, हा अनुभव तुमच्यापैकी काहींना आला असेल. तेव्हा मशीनवाल्याला शिव्या घालण्याआधी झोक्यांचा आकडा आणि प्लॅटफॉर्मचा डोल यांची गाठ घालून बघायला हवी होती. जिनिंगच्या डबल रोलर मशिनांखालच्या सांगाड्याला हाच नियम.

आता त्या छोट्या वेल्डांबद्दल, ज्यांना कोणी वेल्ड समजतच नाही. गर्डर उभा राहिला, डिझाइनवाला घरी गेला, मग इलेक्ट्रिशियन येतो आणि केबलच्या क्लॅम्पसाठी खालच्या फ्लँजला नटबोल्ट टाचतो. प्लंबर पाइपचा ब्रॅकेट मारतो. कोणीतरी अर्थिंगची पट्टी जोडतो. खंडेनवमीला तोरण आणि लिंबू-मिरची लटकवायला हूक हवा असतो, तोही बरोबर मधोमध, जिथे बीम सगळ्यांत जास्त वाकतो तिथे लागतो. या टाचणांवर ओझं काहीच नसतं, हे खरं. पण भेगेला टाचणावरच्या ओझ्याशी देणंघेणं नसतं. तिला फ्लँजमधला ताण आणि बसायला एक खाच, एवढंच लागतं. नॉर्वेच्या हद्दीतल्या उत्तर समुद्रातला अलेक्झांडर किलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात उलटला. २१२ माणसांपैकी १२३ गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका ध्वनियंत्राचा आधार बसवायला मारलेल्या ६ मिलिमीटरच्या फिलेट (कोपऱ्यातल्या) वेल्डमध्ये. भार वाहणाऱ्या नळीवर भार न वाहणारा एक तुकडा जोडला होता. तिथून थकव्याची भेग फिरली, ती नळी तुटली, मग बाकीच्या नळ्या, मग अख्खा पाय. देवाला हात जोडा, तोरणही बांधा, पण हूक वेल्ड करू नका. क्लॅम्पने आवळा, किंवा वेबच्या मध्यभागी लावा, जिथे वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो.

ट्रॉलीवाल्यांचंही दुखणं हेच आहे. रावेर-यावलकडून केळी भरून निघालेली ट्रॉली शिवारातल्या रस्त्याने जाते तेव्हा चेसीचं चॅनल खड्ड्यागणिक वाकतं. तुटतं कुठे? आडवा चॅनल उभ्या चॅनलच्या फ्लँजला जिथे आडव्या वेल्डने जोडलाय तिथे, किंवा दांडीचा त्रिकोण चेसीला मिळतो तिथे. ट्रक बनवणाऱ्या कंपन्या चेसीच्या लांब चॅनलच्या फ्लँजवर वेल्ड करू नका, छिद्र पाडू नका असं बॉडी बांधणाऱ्यांना बजावतात, आणि स्वतः आडवे चॅनल रिव्हेटने किंवा बोल्टने जोडतात. त्यांना वेल्डिंग येत नाही म्हणून नव्हे. आपल्याकडे शॉपवाला ट्रॉली देताना वाळू ठासून भरतो, दोन पोरांना वर नाचवतो आणि म्हणतो, "देख भाऊ, काही व्हत नही." खरंच काही होत नाही. एका वेळेला दुप्पट ओझं पेलणं आणि लाख वेळा निम्मं ओझं पेलणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पास झालेला दुसरीत पास होईलच असं नाही. गिऱ्हाइकाने ती वाळूची परीक्षा पाहून खूश होणं सोडावं.

दुरुस्तीचं सांगतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं. भेग दिसली की आपल्याकडे तिच्यावरून एक वेल्ड फिरवतात आणि वर चौकोनी पट्टी मारतात. आत भेग तशीच जिवंत राहते, वर पट्टीच्या आडव्या टोकांनी दोन नव्या जागा तयार होतात. पहिली दुरुस्ती वर्षभर चालली तर दुसरी त्याहून कमी चालते, तिसरी आणखी कमी. धड काम करायचं तर आधी भेगेचं टोक शोधा. त्यासाठी लाल रंगाचं डाय पेनिट्रंट मिळतं. एक स्प्रे, एक पुसणं, एक पांढरा स्प्रे, आणि डोळ्यांना न दिसणारी भेग लाल रेघ होऊन उमटते. तात्पुरतं थांबवायचं असेल तर टोकाशी छिद्र पाडा, कडा गुळगुळीत करा. मात्र टोक छिद्राच्या आत यायला हवं, नाहीतर भेग बाजूने निघून जाते. कायमचं करायचं तर भेग पूर्ण खोलीपर्यंत ग्राइंडरने किंवा गाउजिंगने उकरून काढा, पुन्हा पेनिट्रंट मारून संपली याची खात्री करा, मग वेल्ड भरा आणि तो घासून पत्र्याशी सपाट करा. पट्टी लावायचीच असेल तर ती शंकरपाळ्याच्या आकाराची कापा, म्हणजे टोकाला फ्लँजला आडवा जाणारा वेल्ड राहत नाही आणि ताण हळूहळू हस्तांतरित होतो. आणि एवढं सगळं केल्यावरही भेग पडण्याचं मूळ कारण, म्हणजे जास्तीचा ताण किंवा वाईट जागा, तसंच ठेवलं तर वेल्डर पुन्हा बोलवावा लागेल.

वेल्डर बंधूंनो, तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर ४५ अंश असताना, तुमच्याकडून कोणत्या दर्जाची अपेक्षा करतात आणि त्यासाठी काय देतात हे मी पाहिलं आहे. ७०१८ चा (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड भट्टीत तापवून घ्यायचा असतो हे तुम्हाला माहीत असतं, शॉपमध्ये भट्टीच नसते. मग पुडा फोडून आठ दिवस उघडा पडलेला रॉड तुम्ही वापरता, पावसाळ्यात तो ओल धरतो, आणि त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डच्या कडेशी भेगा पाडतो. ६०१३ या साध्या रॉडने काम सोपं होतं, वेल्डचा मणी देखणा येतो, म्हणून तोच सगळीकडे. ग्रिल-गेटला तो उत्तम आहे. वारंवार वाकणाऱ्या जाड जोडाला मात्र कमी हायड्रोजनचा रॉड, कोरडा, एवढा हट्ट तुम्हीच धरा. तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला यंत्रसामग्री फारशी लागत नाही. वेल्ड झाल्यावर कडेची खाच बारीक बरने (फिरत्या कानशीने) किंवा ग्राइंडरने घासून गोलसर करायची. पुलांच्या आणि समुद्री बांधणीच्या कामात कड घासणं ही मान्य पद्धत आहे, आणि नीट केली तर आयुष्य चांगलंच वाढतं. घासल्याच्या रेषा ताणाच्या दिशेने ठेवा, आडव्या ठेवल्या तर प्रत्येक रेष नवी खाच होते. फ्लँज जाडीला कमी होईल एवढं घासू नका. आणि सुटे-सुटे टाके देऊन लांब जोड करण्याची सवय अशा बीमला सोडा. प्रत्येक टाक्याची सुरुवात आणि शेवट म्हणजे एकेक भेगेची जागा.

भूकंपाचं थोडक्यात, कारण तो प्रकार वेगळा आहे. तिथे फेरे लाखो नसतात, काही मोजकेच असतात, पण प्रत्येक फेऱ्याला लोखंड झुकण्याच्या पलीकडे जातं. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला, तेव्हा कोसळल्या नाहीत अशा कित्येक पोलादी इमारतींत नंतर बीम आणि कॉलमच्या वेल्डला भेगा सापडल्या. बहुतेक खालच्या फ्लँजच्या जोडात. वेल्डखाली ठेवलेली बॅकिंगची पट्टी तशीच राहिलेली, तिथे मुळाशी न मिसळलेली खाच, आणि वेल्डचा धातू पुरेसा चिवट नव्हता. आपल्याकडे बहुमजली पोलादी फ्रेम आता कुठे येऊ लागल्या आहेत. त्यात बॅकिंग पट्टी काढून मूळ उकरून पुन्हा वेल्ड करण्याचं कलम निदान खालच्या फ्लँजसाठी घालून घ्या. बाकी त्यावर वेगळं लिहायला हवं.

आता भावाकडे येतो. कोटेशन किलोवर असतं. लोखंड इतके रुपये किलो, मजुरी इतके रुपये किलो. या भावात शॉपवाल्याला पैसे कशाचे मिळतात? जास्त लोखंडाचे. जादा पट्टी, जादा गसेट (जोडाला लावलेला पत्रा), जाड वेल्ड, सगळं वजनात येतं. पैसे कशाचे मिळत नाहीत? कड घासण्याचे, रॉड तापवण्याचे, पट्टी टोकाला निमुळती करण्याचे, तपासणीचे. घासलं तर उलट चार ग्रॅम वजन कमी होतं! मग शॉपवाला शहाणा असेल तर काय करेल? दोष त्याच्या हेतूचा नाही, कोटेशनच्या रकान्याचा आहे. आणि तो रकाना शेठ मंडळींनी घालून दिला आहे. तीन कोटेशन मागवायची, सगळ्यांत कमी किलोचा भाव निवडायचा, आणि वर बजावायचं, "मजबूत कर, पट्टी जरा जास्त मार." यातली पट्टी तुमच्या पैशाने तुमचाच बीम कमजोर करते.

काहीजण म्हणतील, हे सगळं मोठ्या पुलांचं शास्त्र, आमच्या पाच टनाच्या क्रेनला कशाला. त्याचं उत्तर वरच्या फेऱ्यांच्या हिशेबात आहे. खर्च वाढेल हा आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळत नाही. सगळ्या शेडला, जिन्याला, रेलिंगला हे काहीच लागत नाही. तिथे खुशाल किलोवर घ्या. मी बोलतोय ते फक्त वारंवार वाकणाऱ्या भागांबद्दल: गॅन्ट्री गर्डर, चाळणी आणि जिनिंगखालचे बीम, होइस्टचा मोनोरेल, ट्रॉलीची चेसी. आख्ख्या कामात हे वजन थोडं असतं. त्यांचा वेगळा रकाना करा. त्यात वेल्ड रनिंग मीटरवर मोजा, कड घासण्याचा भाव मीटरवर लावा, पेनिट्रंटची तपासणी वेगळी लिहा. वर्क ऑर्डरमध्ये रोजच्या उचलींचा किंवा झोक्यांचा आकडा आणि किती वर्षं चालवायचं ते लिहून द्या. तो आकडा तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसतो, आणि तो नसेल तर इंजिनिअर फक्त स्थिर ओझ्याचं डिझाइन करून मोकळा होतो. ड्रॉइंगवर प्रत्येक जोडाचा वर्ग मागा. पट्टी लागणारच असेल तर ती आधारापर्यंत न्या, म्हणजे टोक अशा जागी येईल जिथे बीम जवळजवळ वाकतच नाही. त्याहून चांगलं म्हणजे एक आकार मोठा बीम घ्या आणि पट्टीच रद्द करा. लोखंड थोडं जास्त लागेल, वेल्ड वाचेल.

एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांना एक विनंती. आपापल्या भागातल्या शॉपमधल्या वेल्डरांची आयएस ७३१० प्रमाणे चाचणी घेण्याचा खर्च संघटनेने उचलावा, आणि ७०१८ साठी दोन-तीन शॉप मिळून एक भट्टी घ्यावी. सत्कार समारंभांपेक्षा स्वस्त पडेल.

शेवटी, ज्यांचे बीम आधीच उभे आहेत त्यांच्यासाठी. दसऱ्याच्या आत एक दिवस काढा. वीज बंद करून खालच्या फ्लँजवरची धूळ, ग्रीस, कापसाचे तंतू पुसून घ्या. रंगाला तडा गेलेला आणि त्यातून तपकिरी पाणी ओघळलेलं दिसतं का ते बघा. पट्टीची टोकं, स्टिफनरची (वेबला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांची) खालची टोकं, नंतर मारलेले हूक आणि क्लॅम्प, जुन्या दुरुस्त्या, आधाराजवळचे जोड, या क्रमाने टॉर्च मारा. शंका आली तिथे पेनिट्रंट मारा. भेग सापडली तर ते मशीन थांबवा, फोटो काढा, भेगेच्या दोन्ही टोकांना पंच मारून शेजारी तारीख लिहा. मग आधी इंजिनिअरला बोलवा, वेल्डरला त्याच्यानंतर.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर
जळगाव